बोअरच्या जड पाण्यात रेनबो मासे: चार फुटी टँकसाठी कोणते आणि किती?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. टँक ४८ × १८ × १८ इंच, काच १० मिमी, आत पाणी अंदाजे २०० लिटर. कॅनिस्टर (टँकबाहेरच्या बंद डब्याचा) फिल्टर आणि जोडीला हवेच्या पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर. चार महिन्यांपासून चालू आहे, सध्या बारा-पंधरा मॉली आणि गप्पी आहेत. अमोनिया, नायट्राइट शून्य.

पाणी बोअरचं: पीएच ८.१, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११००, जीएच (एकूण जडपणा) २८, केएच (आम्ल जिरवणारे कार्बोनेट) १६, नायट्रेट नळातूनच ४०. नगरपालिकेचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तेही कधी टँकरवरच भागवावं लागतं. घरी पिण्याचा आरओ आहे. टँक वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दुपारी टँकचं पाणी ३३-३४ अंशांपर्यंत जातं.

दुकानात 'मिक्स रेनबो' म्हणून तीन सेंमीचे चंदेरी पीस आहेत. त्यात बोसमनी, रेड, टर्कॉइज सगळं आहे म्हणतात. त्यातले दहा-बारा उचलावेत का? की एकच जात घ्यावी? पाणी पूर्ण आरओचं करावं का? सोबत दुसरे कोणते मासे चालतील, आणि पिल्लं घरी निघतात का?

---

गोदाकाठ (नांदेड)

मिक्स अजिबात उचलू नका. तीन सेंमीला सगळे रेनबो सारखेच चंदेरी दिसतात. वर्षभराने त्यातला एखादा रेड १२-१५ सेंमीचा होतो, एखादी मादी नेमकी कुठल्या जातीची ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि सगळे एकमेकांत अंडी घालतात. तो संकर पुढे दुकानात 'बोसमनी' म्हणूनच विकला जातो. बाजारातल्या कितीतरी बोसमनींचा रंग धुतल्यासारखा दिसतो, त्याचं एक कारण हेच.

जात निवडताना मूळ ठिकाण बघा, अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथंच मिळतात. बोसमनी हा इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतल्या अयामारू तळ्यांचा. तो सगळा चुनखडीचा भाग, म्हणजे जड आणि अल्कलीकडे झुकणाऱ्या पाण्याची त्याला सवय. (डच मत्स्यतज्ज्ञ मारिनस बोसमन यांच्या नावावरून १९८० साली त्याचं नामकरण झालं. रानात तो आता धोक्यात आलेल्या जातींत मोडतो, दुकानातला माल जवळपास सगळा फार्मचा.) रेड रेनबो सेंटानी सरोवराचा. तिथलं पाणी मुळात गरम, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला त्यातल्या त्यात सोसतो, पण अंगाने मोठा आणि बुजरा. त्याला पाच फुटी टँक बरा.

टर्कॉइज दिसायला लाख असला तरी तुमच्यासाठी नाही. तो पापुआ न्यू गिनीतल्या कुटुबू सरोवराचा. हे सरोवर सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, पाणी थंड. २२ ते २५ अंशांत तो रमतो. ३३ अंशांच्या टँकमध्ये त्याला घालणं म्हणजे महाबळेश्वरच्या माणसाला मे महिन्यात आपल्या स्लॅबवर झोपवणं.

थ्रेडफिन रेनबोचा विचार सोडून द्या. त्याला मऊ पाणी आणि अगदी शांत सोबती लागतात, शिवाय तोंड इतकं बारीक की बोसमनीसमोर उपाशीच राहील. ड्वार्फ निऑन, म्हणजे प्रीकॉक्स, पाच-सहा सेंमीचा. पाणी थोडं मऊ केलंत तर तोही चालतो आणि दोनशे लिटरमध्ये दहा-बारा शोभतात.

माझं मत विचाराल तर बोसमनी, एकच जात, एकूण नऊ: चार नर, पाच माद्या. नुसते नर घेऊ नका. रंग नरालाच असतो म्हणून लोक नरच उचलतात आणि दोन महिन्यांत तक्रार करतात की रंग उतरला. मादीसमोर मिरवायलाच तर नर तो रंग काढतो. सकाळी दिवा लागल्यावर पहिला अर्धा तास समोर बसून बघा. नराच्या कपाळावरून पाठीकडे एक झळझळीत पट्टा पेटतो-विझतो, पुढचं अर्धं अंग निळं-करडं, मागचं नारिंगी, आणि दोन नर एकमेकांना समांतर पोहत पंख ताणतात. ती मारामारी नव्हे. फक्त दोनच नर असले तर मात्र एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो.

घेताना पाच सेंमीच्या पुढचे घ्या, तिथं नर-मादी ओळखू येतात. नर अंगाने उंच, त्याच्या मागच्या पाठपंखाचं टोक लांब. मादी सडपातळ, पंख गोलसर. तीन सेंमीच्या पिल्लावर पूर्ण रंग दिसत असेल तर उलट शंका घ्या, हार्मोन देऊन रंगवलेला माल असू शकतो. वरून बघून कणा सरळ आहे का ते तपासा.

आता पाणी. २८ जीएच जास्तच आहे, पण खरी अडचण जडपणापेक्षा नायट्रेटची. नळातूनच ४० येत असेल तर कितीही पाणी बदला, नायट्रेट ४० च्या खाली जाणारच नाही. म्हणून निम्मा बोअर, निम्मा आरओ. जीएच १४-१५, केएच ८, नायट्रेट २०, टीडीएस ६०० च्या आत. बोसमनीला याहून वेगळं काही नको. एका झटक्यात बदलू नका. दर आठवड्याला चौथा भाग, म्हणजे ५० लिटर, या मिश्रणाने बदलत गेलात तर पाच आठवड्यांत टीडीएस ७०० च्या आसपास येईल. तोवर मासे घ्यायचे नाहीत.

---

कोरडवाहू (बीड)

निम्मं-निम्मं करत कशाला बसायचं, पूर्ण आरओ टाका. पाणी काचेसारखं राहतं, काचेवर पांढरे डागही पडत नाहीत.

---

गोदाकाठ

डाग पडत नाहीत ते खरं, पण आरओच्या पाण्यात केएच जवळपास शून्य. टँकमध्ये रोज थोडं आम्ल तयार होत असतं. ते जिरवायला केएच नसेल तर पीएच एक दिवस धाडकन कोसळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही काम थांबवतात. मग पाणी काचेसारखंच दिसतं, मासे मात्र तळाला.

आणखी दोन गोष्टी, आपल्याकडे हमखास होतात म्हणून. एक, आरओची वाया जाणारी नळी टँकमध्ये सोडू नका. पाणी वाचतं हे खरं, पण सगळा क्षार आणि नायट्रेट त्याच नळीतून बाहेर पडतो. ते पाणी फरशीला आणि संडासाला. दोन, मीठ घालून चालवायचा वॉटर सॉफ्टनर इथे कामाचा नाही. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएस तेवढाच राहतो.

पावसाळ्यात मात्र स्लॅबवरचं पाणी धरा. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, मग पन्हाळीला कपडा बांधून ड्रममध्ये. आरओऐवजी हेच बोअरमध्ये मिसळा. जून ते सप्टेंबर आरओ चालवायची गरजच नाही.

टँकरचं किंवा नगरपालिकेचं पाणी वापराल तेव्हा आधी क्लोरीन बघा. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात ती ओटी टेस्ट चालते, थेंब टाकल्यावर पिवळं झालं की क्लोरीन आहे. १०० लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं. ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत असेल तर दोन ग्रॅम.

---

दुपारी४३ (परभणी)

जातीचं वर नीट आलंय. मी उन्हाळ्यापुरतं बोलतो, कारण आपल्याकडे रेनबो मरतात ते मार्च ते जूनमध्येच, आणि दोष उगं पाण्याच्या जडपणावर जातो.

२५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३३ अंशांना ७.२. फरक थोडा वाटतो, पण त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. रेनबो हा सतत पोहणारा मासा, प्राणवायू कमी पडला की त्याला गप्पी-मॉलीपेक्षा लवकर त्रास होतो. पहाटे सगळे पृष्ठभागाला तोंड लावून दिसले की समजा रात्रभर कमी पडलाय. झाडंसुद्धा रात्री प्राणवायू घेतातच.

दुसरं अमोनियाचं. विषारी असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का. पीएच ८.२ आणि ३० अंशांना सुमारे ११ टक्के. म्हणजे पुण्याच्या टँकमध्ये खपून जाणारी चूक, जास्तीचं खाद्य किंवा पानाआड राहिलेला मेलेला मासा, आपल्याकडे वीसपट महाग पडते. म्हणून मे महिन्यात खाद्य निम्मं, आणि कॅनिस्टरचा सगळा मीडिया (आतला स्पंज-दगड, ज्यावर जिवाणू राहतात) एकदम धुवायचा नाही. धुवायचाच तर निम्मा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्यात.

गारवा कसा करायचा? बर्फाच्या बाटल्या नकोत. दुपारी चार अंश खाली, संध्याकाळी चार अंश वर, हा झोका ३२ अंशांच्या स्थिर पाण्यापेक्षा वाईट. काचेचं झाकण काढा. खिडक्या बसवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकटीत डासांची जाळी बसवून घ्या, कोपऱ्यात दोन सेंमीसुद्धा फट नको. रेनबो उड्या मारतो आणि रात्री मारतो. मागच्या काठावर संगणकात असतात तसले १२० मिमीचे दोन पंखे, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, पाण्यावर तिरके. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, बाष्पीभवन जोरात होतं, दोन ते चार अंश सहज उतरतात. जुलैत हेच पंखे काही करत नाहीत, हवा ओली असते, पण तेव्हा गरजही नसते.

यात एक फसगत आहे. पंख्यांनी रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. रोज चार लिटर बोअर ओतलात तर महिन्यात १२० लिटर, त्यातून १३० ग्रॅमच्या वर क्षार टँकमध्ये. २०० लिटरचा टीडीएस त्यानेच साडेसहाशेने चढतो. म्हणून उडालेलं पाणी भरायचं ते फक्त आरओचं. निम्मं-निम्मं मिश्रण केवळ पाणी बदलताना.

लाइट गेल्यावर कॅनिस्टर बंद. तुमच्याकडे स्पंज आहे हे बरं. एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, पाच वॅटचा असतो, घराला कळतसुद्धा नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. नाहीतर पंप थांबला की नळीतून पाणी उलटं येतं आणि सगळं बोर्डात उतरतं. कॅनिस्टर चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर चालू करण्याआधी उघडून आतलं पाणी फेकून द्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मीडियाही टँकच्या पाण्यात खंगाळा.

हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात पहाटे पारा १० च्या खाली जातो. २०० वॅटचा हीटर २४ वर लावून ठेवा.

---

मांजराकाठ

लई उपयोगी, धन्यवाद. पंखे आणि जाळीचं ऐकून आजच माप घेतलं. तीन शंका राहिल्या: सोबती कोणते, खायला काय, आणि पिल्लांचं काय?

---

जावामॉस (छत्रपती संभाजीनगर)

सोबती थोडक्यात. मॉली राहू द्या, जड पाणी त्यांना आवडतंच. गप्पी हलवा, खाण्याच्या वेळी त्यांना काही मिळणार नाही आणि पिल्लं बोसमनीचा नाश्ता होतील. तळाला कोरीडोरास (छोटा तळमासा) स्टर्बाय सहा, तो उष्णता सोसतो. पेपर्ड कोरीडोरास थंड पाण्याचा आहे, घेऊ नका. एक ब्रिसलनोज (शेवाळ खाणारा मासा). टायगर बार्ब पंख कुरतडतो म्हणून नको. एंजल नको, तो संथ आहे आणि रेनबो त्याच्यासमोरून दाणा पळवतात. ऑस्कर आणि तसल्या मोठ्या सिक्लिडचा तर विषयच नाही.

तळाला पांढरी वाळू घालू नका, रंग फिका पडतो. गडद वाळू आणि मागे काळा कागद. झाडांत व्हॅलिस्नेरिया तुमच्या पाण्यात गवतासारखी माजेल, ती पाण्यातला बायकार्बोनेट वापरू शकते. ती मागच्या बाजूला आणि कडेला लावा, मधले तीन फूट पोहायला मोकळे सोडा. अंधारात एकदम दिवा लावला की रेनबो बिथरून काचेवर नाक आपटतात. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टँकचा.

खायला: तोंड मोठं दिसतं, घसा अरुंद असतो. एक मिमीच्या वरचा दाणा नको, अडकतो. पृष्ठभागावर आणि मधल्या थरात खातात, तळाला पडलेलं सहसा उचलत नाहीत, म्हणून मिनिटभरात संपेल एवढंच टाका. मोठ्यांना दिवसातून दोनदा, त्यातलं एक वेळ स्पिरुलिना असलेलं खाद्य. आठवड्यातून दोनदा डॅफ्निया (पाण्यातले बारीक किडे) किंवा गोठवलेले ब्लडवर्म, आणि एक दिवस उपास. बोसमनी खादाड आहे, पोट सुटलेले नर नीट पोहतच नाहीत.

पिल्लं निघतात, आणि अंडी मिळवणं सोपं आहे. कठीण आहे तो पहिला आठवडा. गडद हिरवी ॲक्रेलिक लोकर घ्या, कापसाचा धागा कुजतो. वीतभर रुंद पुठ्ठ्यावर ५०-६० वेढे, एका टोकाला घट्ट गाठ, दुसरं टोक कापून झुपका. गरम पाण्यात रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, थर्माकोलच्या तुकड्याला बांधून टँकमध्ये लोंबता सोडा. बोसमनी रोज सकाळी त्यात थोडी थोडी अंडी घालतात. झुपका उचलून उजेडात धरला की धाग्याला चिकटलेले मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक, पिवळसर मणी दिसतात. बोटाने चिमटले तर फुटत नाहीत. पांढरं पडलेलं अंडं खराब, ते काढा, नाहीतर बुरशी शेजारच्याला लागते.

पाच दिवसांनी अख्खा झुपका १५-२० लिटरच्या टबात हलवा. पाणी त्याच टँकचं, हवा अगदी मंद, मेथिलीन ब्लूचे थेंब फिकट निळं होईपर्यंत. सात ते दहा दिवसांत पिल्लं बाहेर. ती पापणीच्या केसाएवढी, पृष्ठभागाला चिकटून असतात. झुपका मग काढा.

बहुतेक पिल्लं इथंच जातात, उपासमारीने. पहिला आठवडा ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची नुकती निघालेली पिल्लं) त्यांच्या तोंडात मावत नाही. अंड्यांचा झुपका हलवला त्याच दिवशी इन्फ्युसोरिया (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव) लावा: काचेच्या बरणीत टँकचं जुनं पाणी, केळीच्या सालीचा बोटभर तुकडा, तोंडाला कपडा, उजेडात. पाणी आधी दुधाळ होऊन घाण वास मारतं, पाच-सहा दिवसांत निवळतं. निवळल्यावर वापरायचं, दुधाळ असताना नाही. जोडीला व्हिनेगर इल (बारीक कृमी) मिळाले तर उत्तम, ते वरच्या थरातच वळवळत राहतात आणि पिल्लंही तिथंच असतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं.

आठव्या-दहाव्या दिवसापासून ताजं ब्राइन श्रिंप. एक लिटर पाणी, २५-३० ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा ब्राइन श्रिंपची अंडी, जोराची हवा, वर दिवा, २७-२८ अंशांना २४ तासांत निघतं. सोड्याची चिमूट घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते मऊ पाण्यासाठी, आपल्या बोअरला नको. हवा बंद केल्यावर टरफलं वर आणि श्रिंप खाली येतात. खालूनच नळीने ओढा, टरफल माशाच्या पिल्लाच्या पोटात अडकतं.

वाढ फार हळू. तीन सेंमी व्हायला तीन-चार महिने, रंग नीट यायला वर्ष. रोज दहावा भाग पाणी बदला, आणि मोठी पिल्लं वेगळी करत जा.

---

मांजराकाठ

दुकानदार म्हणतो एकाच जातीचे पाच-सहा सेंमीचे बोसमनी चेन्नईहून मागवून देतो. बॅगेत दीड दिवस राहतील. घरी आल्यावर बॅग तासभर तरंगवून थेंब-थेंब पाणी द्यायचं ना?

---

गोदाकाठ

दीड दिवसाच्या बॅगेला ती पद्धत उलटी पडते. बंद बॅगेत माशांच्या श्वासाने पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. बॅग उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात तुमच्या ८.१ पीएचच्या पाण्याचे थेंब पडले तर विचारूच नका.

म्हणून बंद बॅग २० मिनिटं फक्त तापमानासाठी तरंगवा. मग उघडून लगेच जाळीने मासे क्वारंटाइन टबात, बॅगेचं पाणी मोरीत. पाण्याचा फरक टबात आधीच भरून काढायचा: दुकानदाराला पाठवणाऱ्याच्या पाण्याचा टीडीएस विचारा. समजा ३०० सांगितला, तर टबात एक वाटा बोअर आणि तीन वाटे आरओ, तेवढाच भरतो. पुढचे दहा दिवस बदलताना बोअरचा वाटा थोडा थोडा वाढवत मुख्य टँकपर्यंत आणा.

टब ६०-७० लिटरचा प्लास्टिक क्रेट चालेल, वर जाळी. त्यासाठीचा स्पंज फिल्टर आत्तापासूनच मुख्य टँकमध्ये टाकून ठेवा, म्हणजे मासे येतील तेव्हा त्यात जिवाणू वसून तो तयार असेल. क्वारंटाइन चार आठवडे.

या काळात दोन गोष्टींवर नजर. गुदद्वारातून लाल धाग्यासारखे जंत लोंबताना दिसले तर कॅमॅलानस. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतावरचं लेव्हामिसोल लिटरला दोन मिलिग्रॅम, ६० लिटरला १२० मिलिग्रॅम, २४ तास अंधारात. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, तळ सायफन करा, तीन आठवड्यांनी पुन्हा. बाटलीवर नीट वाचा: जनावरांच्या औषधात लेव्हामिसोलबरोबर ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेलं असतं, ते माशाला मारतं.

दुसरं, नीट खाऊनही मासा वाळत जातोय, कणा वाकतोय, अंगावर जखमा येतात, तर फिश टीबीचा संशय. रेनबोमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्याला खात्रीचा इलाज नाही. असा एकही मासा निघाला तर त्या लॉटमधला कुठलाच मासा मुख्य टँकमध्ये नेऊ नका. तो जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो. हाताला चीर असेल तर टबात हात घालायचा नाही, हातमोजा घालूनच.

आणि चेन्नईहून मागवताना मे महिना टाळा. पहिला पाऊस पडू द्या.

---

मांजराकाठ

म्हणजे जूनअखेर. तोवर पाच आठवडे पाणी बदलून होतील. दुकानदाराला टीडीएस विचारून ठेवतो.